बगलेत मुंडी

आमच्याकडं ठरवून लढलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागच्या मैदानात नुऱ्याचा वास जरी आला तरी लोक शिट्ट्या मारून पैलवानांना नको जीव करतात. त्यामुळं ‘द फाउल किंग’ हा कोरियाचा सिनेमा मी बघंन असं कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. त्यात सगळी नुराच.

2000 सालचा, किम जी-वून यांचा सिनेमा. धाकटा सुट्टीला आला होता, त्यानं मोबाईलवर लावला. खालच्या इंग्रजी ओळी वाचून तो मला मराठीत सांगायचा. सोंग कांग-हो या नटानं बँकेतला भित्रा कारकून केलाय. कामात मागं, आणि साहेब असा खवीस की संडासात गाठून त्याची मुंडी बगलेत आवळतो. गडी नुसता हातपाय झाडतो. त्या एका डावाची तोड शिकायला तो पडक्या तालमीत जातो. वस्ताद आधी हाकलतो. मग लबाडी करणारा पैलवान हवा असतो, तेव्हा ह्याला घेतात. दिवसा खाली मान, रात्री तोंडाला मुखवटा. बघा, नियम मोडायला सुद्धा त्याला शिकवावं लागतं! मी पोट धरून हसलो.

धाकटा हसत नव्हता. साहेब आला की ह्याचं भाषांतर बंद पडायचं. तोही बँकेतच, पुण्याला, वसुलीच्या कामावर.

मी विचारलं, “तुझा साहेब पण असाच हाय का रं?”

“बगलेत नाही धरत, अण्णा. फोनवर धरतो. रात्री अकराला सुद्धा.”

ह्यावर काय बोलणार? गावात असता तर म्हणालो असतो, सोड. पण घराचा हप्ता त्याच्याच पगारातनं जातो, आणि शेतातलं उत्पन्न मला ठाऊक आहे.

अंगणात नेलं आणि त्याची मुंडी बगलेत धरली. “हनुवटी छातीला लाव. आधी श्वास मोकळा कर, घाई नको. आता मागनं कमरेला कव घाल.” दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा पोरानं मला उचललं, चार बोटं तरी. आतनं ही ओरडली, “वय काय, करताय काय!”

सिनेमा अर्धाच राहिला होता, तो जेवणानंतर पुरा केला. शेवटच्या लढतीत ठरलेलं सगळं मोडतं आणि दोघं खरोखर भिडतात. ते मात्र धाकट्यानं एकही ओळ न चुकता सांगितलं.

सोमवारी पहाटेच्या एस्टीनं तो गेला. मान दुखतीय म्हणत होता.