चूक सांगण्याची रीत

दुसऱ्याची चूक दाखविणें सोपें आहे. पण ऐकणारास ती सुधारतां यावी अशा रीतीनें दाखविणें फार थोड्यांस साधतें. घरांतील वडीलधारीं माणसें, शाळेंतील मास्तर, कचेरींतील वरिष्ठ यांच्या बाबतींत हा अनुभव आमच्या वाचकांस असेलच. परंतु हल्लीं आपल्या घरांतील तरुण मुलांमुलींस चुका दाखविण्याचें काम माणसांपेक्षां यंत्रेंच अधिक करीत असतात, आणि तीं कोणत्या शब्दांत दाखवितात याकडे घरच्यांचें लक्ष सहसा जात नाहीं. पुण्यास हिंजवडींत किंवा बंगळुरास नोकरी करणारा मुलगा रात्रीं अकरा वाजतां कपाळास आंठ्या घालून पडद्याकडे टक लावून बसलेला दिसला, तर तो बहुधा अशाच एखाद्या वाक्याचा अर्थ लावीत असतो.

गेलीं कित्येक वर्षें प्रोग्रॅम लिहिणारांस लागणारीं अवजारें तयार करणें हा आमचा व्यवसाय आहे. सुताराला जसा रंधा, तसा प्रोग्रॅमरला कंपायलर. लिहिलेला मजकूर तपासून तो यंत्राला कळेल अशा रूपांत आणणें हें त्याचें काम. रंधा मुका असतो, कंपायलर मात्र बोलतो. मजकुरांत खोट सांपडली कीं तो थांबतो व एकदोन ओळी लिहून ती खोट कळवितो. धंद्यांत यास 'एरर मेसेज' म्हणतात. आपण येथें त्यास दोषसंदेश म्हणूं.

आरंभींच्या काळीं हे संदेश किती त्रोटक असत, याचा मासला म्हणून युनिक्सवरील 'एड' या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमचें नांव घेतां येईल. केन टॉम्प्सन यांनीं १९६९ च्या सुमारास तो रचला. दिलेली आज्ञा समजली नाहीं कीं तो एकच प्रश्नचिन्ह उमटवी आणि स्वस्थ बसे. त्या वेळचीं टेलिटाईप यंत्रें सेकंदाला जेमतेम दहा अक्षरें छापीत, आणि यंत्राची स्मरणशक्तिही तोकडी. तेव्हां त्या त्रोटकपणाला नांवें ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. मात्र कारण संपल्यावरही संवय उरली, ही गोष्ट दोषास्पद आहे. शिवाय त्याही काळीं दुसरी वाट शोधणारे लोक होतेच. १९६५ सालीं कॅनडांतील वॉटरलू विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठीं 'वॉटफॉर' नांवाचा फोर्ट्रान भाषेचा कंपायलर तयार झाला. तो जलद चालतो म्हणून जितका नांवाजला गेला, तितकाच त्याच्या स्पष्ट दोषसंदेशांमुळेंही नांवाजला गेला.

अस्पष्ट संदेशाची किंमत कोण भरतें, हें आम्हीं आमच्याच घरांत पाहिलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमची पुतणी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. एके रात्रीं जेवणें उरकल्यावर ती लॅपटॉप घेऊन आमच्याजवळ आली व खालच्या आवाजांत म्हणाली, "काका, मी शाखा बदलून घेऊं का? माझं डोकं या विद्येचं नाहीं."

बारावीस गणितांत उत्तम गुण मिळविलेली ही मुलगी! चौकशी करतां कळलें कीं दोन तास ती एकोणिसाव्या ओळीशीं झगडत होती. तेथें 'इन्व्हॅलिड सिंटॅक्स', म्हणजे रचना अशुद्ध, असें यंत्र सांगत होतें. ती ओळ तिनें पांच वेळां पुसून पुन्हां लिहिली होती. वस्तुतः ती सर्वस्वी निर्दोष होती. अठराव्या ओळींत उघडलेला एक कंस मिटावयाचा राहिला होता, इतकेंच. मातोश्री जवळच जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांस संगणकांतलें ओ कीं ठो कळत नाहीं, पण सर्व ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "अरे, चोरी शेजारच्या घरीं आणि झडती हिच्या घरीं, हा कुठला न्याय?"

कंस मिटला, प्रोग्रॅम चालला, आणि शाखा बदलण्याची गोष्ट तेथेंच संपली. परंतु ज्यांच्या घरीं विचारायला कोणी जाणता माणूस नाहीं, अशा मुलांचा विचार त्या रात्रीं आमच्या मनांतून जाईना. मराठी शाळेंतून आलेला, इंग्रजी वाक्याला आधींच बिचकणारा मुलगा यंत्राचें म्हणणें प्रमाण मानतो, आणि दोष आपल्या बुद्धीचा आहे असा निर्णय स्वतःशींच करून मोकळा होतो. असे किती जण निमूटपणें या विद्येकडे पाठ फिरवून गेले असतील, त्याची नोंद कोणत्याही यंत्रांत होत नाहीं.

मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तर मात्र दिलें पाहिजे. यंत्र मजकूर आरंभापासून शेवटाकडे वाचीत जातें. कंस उघडा राहिला तर वाक्य संपलें नाहीं असें समजून तें पुढील ओळींत शिरतें, आणि न जुळणारा शब्द आला कीं अडखळतें. म्हणजे तें ठेंच लागल्याची जागा सांगतें; दगड कोठें आहे तें सांगत नाहीं. दगडाची जागा सांगावयाची तर प्रत्येक कंस कोठें उघडला हें त्यानें आधींपासून लक्षांत ठेविलेलें असलें पाहिजे.

या विषयांतील मुख्य मुद्दा आमच्या मतें हाच आहे. दोषसंदेश सुधारणें म्हणजे वाक्य गोड करणें, असा पुष्कळांचा समज असतो. एकत्र कुटुंबांतील स्वयंपाकघराचें उदाहरण घ्या. "आमटी बिघडली" असें पानावर बसलेला कोणीही सांगूं शकतो. "आमटींत मीठ दोनदां पडलें आहे, एकदां थोरलीनें घातलें, एकदां धाकटीनें. थोडें पाणी व डाळ वाढवा म्हणजे निभेल," असें सांगणारी व्यक्ति एखादीच, आणि तिलाही तें सांगतां येतें तें ती चुलीकडे लक्ष ठेवून होती म्हणून. स्पष्ट बोलणें हें आधीं केलेल्या स्मरणाचें फळ आहे. ज्यानें कांहीं जपून ठेविलें नाहीं, त्याला कितीही मृदु शब्द दिले तरी तो "बिघडलें" यापलीकडे काय सांगणार?

पायथॉन या भाषेचा अलीकडील इतिहास याची साक्ष देतो. २०२० च्या ऑक्टोबरांत निघालेल्या तिच्या ३.९ या आवृत्तींत मजकूर वाचणारा भागच नवा बसविण्यांत आला. त्या पायावर पुढील वर्षीं ३.१० ही आवृत्ति आली, आणि तेव्हांपासून उघड्या राहिलेल्या कंसावरच खूण करून 'हा कंस कधीं मिटलाच नाहीं' अशा अर्थाचें वाक्य यंत्र लिहूं लागलें. २०२२ च्या ३.११ या आवृत्तींत, चालतां चालतां प्रोग्रॅम कोलमडला तर ओळींतील नेमक्या कोणत्या भागापाशीं, हेंही दाखवितां येऊं लागलें. त्यासाठीं प्रत्येक पायरीचें ठिकाण साठवावें लागतें व तयार होणाऱ्या फाईली कांहींशा फुगतात. पाब्लो गालिंदो साल्गादो व त्यांचे सहकारी यांनीं हा भार जाणूनबुजून पत्करला.

अर्थात् शब्दांनाही किंमत आहेच. 'इल्लीगल', 'फेटल' अशा दरडावणीच्या शब्दांविरुद्ध बेन श्नायडरमन या अमेरिकन संशोधकांनीं १९८२ सालींच लिहिलें होतें. एल्म या भाषेच्या कंपायलरनें २०१५ पासून एक निराळीच रीत घातली. तो "मला हें नांव सांपडत नाहीं" असें आपल्याकडे लहानपणा घेऊन बोलतो, आणि जवळपासचीं नांवें पुढें ठेवितो. रस्ट या भाषेनें २०१६ सालीं आपल्या संदेशांचा सांचा बदलला, तेव्हां एल्मचें ऋण मोकळेपणानें मान्य केलें. रस्टची आणखी एक गोष्ट आम्हांस फार आवडते. तिचा कंपायलर उपाय सुचवितो तेव्हां त्या उपायाबद्दल खात्री किती, याचीही नोंद ठेवितो. आणि खात्रीचे उपाय तेवढेच आपोआप लागू करूं दिले जातात. निदानाबद्दल खात्री नसतां औषधाची पुडी बांधणारा वैद्य आणि "हा माझा तर्क आहे" असें सांगणारा वैद्य यांतील हा भेद आहे.

यावर कोणी म्हणेल कीं आतां कृत्रिम बुद्धीचे सहायक आले. संदेश त्यांच्यापुढें टाकला कीं ते अर्थ सांगतात, मग एवढा खटाटोप कशाला? ते मदत करतात हें खरें, आणि आम्हीही त्यांचें साहाय्य घेतों. परंतु अवजारानें जी माहिती वाटेंतच टाकून दिली, ती त्या सहायकासही दिसत नाहीं. मग तोही तर्कच लढवितो, फक्त अधिक सफाईनें.

आमच्या कामांतील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. आमच्या आधींच्या मंडळींनीं लिहिलेलें एक अवजार "फाईल सांपडली नाहीं" इतकेंच सांगून थांबत असे. कोणती फाईल? कोठें शोधली? वास्तविक तें ती फाईल तीन ठिकाणीं शोधी. पण तीं ठिकाणें संदेश लिहिणाऱ्या भागापर्यंत पोंचतच नसत. तीं पोंचविण्यासाठीं मधले पांच भाग बदलणें जरूर होतें, व त्यास दोन दिवस लागणार होते. वरिष्ठांनीं विचारलें, "एका वाक्यासाठीं दोन दिवस?" आम्हीं म्हटलें, "साहेब, हें वाक्य वाचणारा माणूस त्या वेळीं अडलेला असतो, आणि आपण कोणी त्याच्याजवळ नसतों. आपल्या ऐवजीं तें वाक्यच तेथें असतें." त्यांनीं थोडा विचार केला व दोन दिवस दिले. आतां तो संदेश फाईलचें नांव सांगतो, तीं तीन ठिकाणें क्रमानें देतो, आणि ती कोणत्या ठिकाणीं ठेवावी हेंही सुचवितो. त्याविषयीं येणारीं विचारणेचीं पत्रें पुढें थांबलीं. आभाराचें पत्र एकही आलें नाहीं. ज्याची वाट अडली नाहीं, तो वाट करून देणाराची आठवण कशाला काढील?

काय झालें, कोठें झालें, कां झालें व आतां काय करावें, या चार प्रश्नांचीं उत्तरें हातीं आल्याशिवाय आम्ही संदेश लिहावयास घेत नाहीं. घरच्या वडील मंडळींस यांतून इतकेंच सुचवावेंसें वाटतें: यंत्रापुढें बसलेलें मूल "मला हें जमत नाहीं" असें म्हणालें, तर त्याच्या बुद्धीविषयीं मत देण्यापूर्वीं पडद्यावरचें वाक्य त्याच्याकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें. त्यांत या चार प्रश्नांपैकीं किती प्रश्नांचीं उत्तरें आहेत तें मोजावें. पुष्कळ वेळां असें आढळेल कीं मुलाला विषय समजला नाहीं असें नसून, त्याला कोणीं नीट सांगितलेलेंच नाहीं.