सीनाकाठचा उंबर

अहिल्यानगर (नगर) शहराच्या सावेडी उपनगरातील माणसाच्या आयुष्यात उंबर येतो तो बहुधा दत्ताच्या देवळातून. लहानपणी त्याच्या पाराला प्रदक्षिणा घातल्या जातात, लग्नात मुहूर्तमेढीला त्याची डहाळी लागते, नवग्रहशांतीत शुक्रासाठी त्याचीच समिधा पडते आणि अंगणात आपसूक उगवलेल्या रोपावर विळा चालवायला कोणी धजावत नाही. नगरच्या वाढत्या वस्तीत हे झाड टिकले ते या श्रद्धेमुळे, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. मात्र त्याचे मूळ घर ओढ्याचा काठ हेच होय, आणि भूजलाच्या खुणा सांगताना प्राचीन ज्योतिर्विद वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त उंबराचा उल्लेख केला तो या ओलाव्याच्या नात्यामुळेच.

उंबराचे फळ म्हणून जे दिसते तो वस्तुतः आतल्या बाजूने बारीक फुलांनी भरलेला बंद गोळा असतो. टोकाच्या चिंचोळ्या तोंडातून केंबऱ्याची, म्हणजे गांधीलमाशीच्या कुळातील इवल्या कीटकाची, मादी आत शिरते, सोबतचा पराग फुलांवर सांडते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतील पंखहीन नर भिंत पोखरून वाट करून देतात आणि नव्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. बाहेरचे त्यांचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे असल्यामुळे तेवढ्यात कोवळी फळे धरलेला दुसरा उंबर गाठावा लागतो. म्हणून पारावरचा एकटा उंबर, कितीही पूजला तरी, अपुराच.

वेगवेगळ्या वेळी फळणारी अनेक झाडे असली, तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल, तांबट, कोकीळ, बुलबुल आणि रात्री वटवाघळे यांना ऐन टंचाईच्या दिवसांतही अन्न मिळते, आणि त्यांच्या विष्ठेतून बी पुढच्या ओढ्यापर्यंत जाते.

सावेडीच्या ओढ्यांवर आणि सीना नदीच्या काठावर ही साखळी पुन्हा जुळवणे अवघड नाही. पिकलेले उंबर पाण्यात कुस्करून तळाशी बसलेले बी ओल्या, भुसभुशीत मातीवर नुसते भुरभुरावे, वर माती लोटू नये, कारण या बियांना उजेड लागतो. रोप वर्षभराचे झाल्यावर पावसाच्या तोंडावर काठावर लावावे. हा पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगरांनी पाऊस अडवलेला प्रदेश असल्याने पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावे आणि शेळ्यांपासून राखण करावी. मुळे दूरवर पसरत असल्याने भिंती, नळ आणि बांधीव विहिरी यांच्याजवळ मात्र ते लावू नये.