आधी हिरवं की आधी गुलाबी?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचं, विवरातलं सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं. नासाने 'लँडसॅट ८' उपग्रहाने टिपलेली दोन छायाचित्रं तेव्हा शेजारी शेजारी ठेवून दाखवली. २५ मेच्या छायाचित्रात पाणी हिरवट आहे, १० जूनच्या छायाचित्रात गुलाबी. हा उपग्रह आपल्या ठरलेल्या वाटेने दर १६ दिवसांनी त्याच जागेवर येतो, म्हणून या दोन तारखांमध्ये बरोबर १६ दिवस आहेत. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा रंग आल्याचं सांगितलं. कारण समजलं. पण त्या १६ दिवसांत पाणी कोणत्या दिवशी, कोणत्या काठाकडून पालटू लागलं, याचे साक्षीदार म्हणजे विवराच्या कडेवर उभं राहून माणसांनी काढलेले फोटो. ते क्रमाने लावले तरच त्यांची साक्ष कामाची.

मी वेबसाइटी बांधतो, बुलढाणा जिल्ह्यातच राहतो, आणि लोणारचे सार्वजनिक फोटो एका पानावर काळानुसार मांडायचे हे माझं आवडतं काम आहे. फोटो फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळाच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमने माहिती मागवायच्या सोयीतून, येतात. क्रम चुकलेला दिसला की पहिला संशय त्या एपीआयवर जातो. माझा सल्ला असा की आधी आपण नेमकं काय विचारलं ते वाचावं. फ्लिकरवर प्रत्येक फोटोला दोन तारखा असतात, एक चढवल्याची आणि एक काढल्याची. सॉर्टचा पर्याय दिलाच नाही, तर शोधाचे निकाल चढवल्याच्या तारखेने येतात, ताजे आधी. म्हणजे कुणी दहा वर्षांपूर्वीची लोणारची सहल काल रात्री चढवली, तर ती आज सगळ्यांच्या वर बसणार. सरोवराचा इतिहास मांडायचा तर 'डेट टेकन', म्हणजे काढल्याची तारीख, आणि चढता क्रम मागायला हवा. 'इंटरेस्टिंगनेस' नावाचाही एक क्रम मिळतो. लोकांच्या प्रतिसादावर तो हलत राहतो. मुखपृष्ठाला शोभतो, कालरेषेला अजिबात नाही.

एवढं करूनही गडबड दिसली, तर सर्व्हरकडून आलेला कच्चा प्रतिसाद ब्राउझरमध्ये उघडावा आणि पडद्यावरच्या क्रमाशी ताडून बघावा. या एका तपासणीने निम्मा गुंता सुटतो. कच्चा प्रतिसाद बरोबर असेल तर घोळ आपल्याच घरात आहे. निकालांची पानं एकाच वेळी मागवली असतील तर तिसरं पान दुसऱ्याच्या आधी येऊन पोचतं आणि आपला प्रोग्रॅम आला तसा चिकटवत जातो. फोटोंचे क्रमांक किल्ली (key) म्हणून वापरून यादी ऑब्जेक्टमध्ये ठेवली, तर जावास्क्रिप्ट छोट्या पूर्णांकांच्या किल्ल्या स्वतःच चढत्या क्रमाने फिरवते. विकिमीडिया कॉमन्सच्या एपीआयकडून जुन्या पद्धतीचं जेसन घेणाऱ्यांना हे हमखास भेटतं, कारण तिथे प्रत्येक फोटोचं पान आपल्या क्रमांकाच्या किल्लीखाली येतं. शोधातून आलेल्या निकालांचा खरा क्रम तिथे 'इंडेक्स' या वेगळ्या रकान्यात असतो, तो वाचावा लागतो.

आपल्याच घरातली आणखी एक चूक म्हणजे तारीख मजकूर म्हणून क्रमाला लावणं. आपण दिवस, महिना, वर्ष असं लिहितो. संगणक मजकूर डावीकडून एकेक अंक बघत लावतो. '१०-०६-२०२०' आणि '२५-०५-२०२०' यांत एक हा दोनच्या आधी, म्हणून दहा जून वर आणि पंचवीस मे खाली. सरोवर आधी गुलाबी होतं आणि मग हिरवं! नासाच्या त्या दोन तारखा यासाठीच मी चाचणी म्हणून कायम ठेवल्या आहेत. नवा प्रोग्रॅम आधी त्यांच्यावर चालवतो.

फोटो पानापानाने घेताना आणखी एक गोष्ट घडते. ताजे आधी अशा क्रमाने दुसरं पान मागवेपर्यंत कुणी नवा फोटो चढवला, की सगळी रांग एक जागा मागे सरकते, आणि पहिल्या पानाचा शेवटचा फोटो दुसऱ्या पानावर पुन्हा दिसतो. चढवल्याच्या तारखेला वरची मर्यादा घालून दिली की रांग स्थिर राहते. एका शोधात पहिले चार हजारच निकाल नीट मिळतात, म्हणून मोठा शोध वर्षावर्षाने तोडून घेणं बरं. नुसते अक्षांश-रेखांश देऊन शोधलं आणि दुसरी कोणतीही अट घातली नाही, तर गेल्या बारा तासांत चढवलेलेच फोटो येतात. बघणाऱ्याला वाटतं जुने फोटो क्रमात कुठेतरी दबले. ते आलेलेच नसतात.

इथवरचं सगळं दुरुस्त होतं. खरी मेहनत पुढे आहे, ती तारखेच्या विश्वासार्हतेची. कॅमेरा फोटोच्या फाइलमधल्या एक्झिफ नावाच्या नोंदीत आपल्या घड्याळाची वेळ लिहितो. त्या नोंदीत कालविभाग लिहायची सोय २०१६ च्या आवृत्तीत आली, त्यामुळे जुन्या फोटोंत तो नसतोच. फ्लिकर चढवल्याची वेळ युनिक्स पद्धतीने, जागतिक वेळेत देतं, आणि काढल्याची वेळ छायाचित्रकाराच्या स्थानिक वेळेत. दोन्ही एकाच सूत्रातून काढल्या की साडेपाच तासांचा फरक पडतो, आणि पहाटे पाचला काढलेला फोटो आदल्या दिवसात जाऊन बसतो. जिथे प्रश्नच दिवसांचा आहे तिथे हे परवडणारं नाही.

व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत एक्झिफ सहसा उरत नाही. अशा वेळी फ्लिकर चढवल्याची वेळच काढल्याची धरतं, पण 'तारीख माहीत नाही' अशी खूणही सोबत देतं. ही खूण बहुतेक जण मागवतच नाहीत. तसाच अचूकतेचा अंक: शून्य म्हणजे पूर्ण वेळ, चार म्हणजे वर्ष आणि महिना, सहा म्हणजे फक्त वर्ष, आठ म्हणजे सुमारे. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा घरच्या अल्बममधला फोटो स्कॅन करून कुणी '१९७८' एवढंच लिहिलं, तर यंत्राला एक तारीख लागतेच. १ जानेवारी, मध्यरात्र असं धरलं की तो वर्षाच्या अगदी डोक्यावर बसतो. त्याला तिथे बसू द्यावं, पण खाली '१९७८' एवढंच छापावं. जे सांगणाऱ्याने सांगितलं नाही ते आपण सांगू नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून माझ्या पानावर आता दोन पट्टे आहेत. वरच्यात एक्झिफची तारीख असलेले फोटो, वेळ सारखी असेल तर फोटोच्या क्रमांकाने लावलेले, म्हणजे पान पुन्हा उघडलं तरी जागा बदलत नाहीत. खालच्यात तारखेची खात्री नसलेले. खालच्या पट्ट्यातला फोटो वर न्यायचा तर फोटो काढणाऱ्याला विचारतो: मूळ फाइल फोनमध्ये आहे का? त्याच दिवशी काढलेला दुसरा फोटो, बसचं तिकीट, काहीही? जून २०२० च्या आसपास लोणारला ज्यांनी फोटो काढले, त्यांच्याकडे तर माझं हेच मागणं आहे. गुलाबी पाण्याचे पुष्कळ जमले आहेत. २५ मे ते १० जून यांच्या मधले, पाणी धड हिरवंही नाही आणि गुलाबीही नाही असे फोटो हवे आहेत. मूळ फाइल, जशी फोनमध्ये आहे तशी.