बटवा आणि आजीबाई

'आजीबाईचा बटवा' या शब्दप्रयोगात दोन गोष्टी आहेत : बटवा आणि आजीबाई. वर्तमानपत्रांतल्या आरोग्यविषयक सदरांनी त्यांतला बटवा तेवढा उचलला. अमुक लावा, तमुक उगाळा अशा याद्या आपण वाचतो, पण तो बटवा उघडणारे एक माणूस दिवसभर घरात असे, हे विसरतो. मीही विसरले होते.

2018 च्या जुलै महिन्यातली गोष्ट. 26 आठवड्यांची प्रसूतिरजा संपवून मी महाविद्यालयात पुन्हा रुजू झाले. मुलगा सहा महिन्यांचा, वरचे अन्न नुकतेच सुरू झालेले. दिवसभर तो पाळणाघरात असे आणि तिथे डायपर सक्तीचा होता. आठवड्याभरात त्याचे कुल्ले आणि मांड्या लालभडक झाल्या. पुसायला हात लावला की तो किंचाळे. आईला फोनवर सांगताना मला 'रॅश' याखेरीज शब्द सुचेना. पुरळ म्हणावे तर तसे नव्हते, घामोळेही नव्हते. "ओलीत राहिला असेल," आई म्हणाली. मी नाव शोधत होते, तिने कारण सांगितले.

पुढे वाचले तेव्हा शास्त्रही तेच सांगत होते. ओलाव्याने त्वचा मऊ पडते आणि घासली की सोलवटते. लघवी आणि शी एकत्र राहिली की लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होतो, त्वचेची नैसर्गिक आम्लता घटते आणि शीमधली पाचक द्रव्ये त्वचेलाच जाळू लागतात. वरचे अन्न सुरू झाले की शी बदलते, म्हणून त्या वयात हा त्रास अधिक दिसतो.

आई रात्रीच्या एस.टी.ने राजापुराहून आली. सोबत घरच्या घाण्याचे खोबरेल आणि एक गाठोडे. गाठोड्यात माझ्या आजीच्या जुनेराचे लंगोट होते. बाळाला नवे कापड लावायचे नाही, हा आमच्याकडचा दंडक. शेकडो धुण्यांनी लुगडे विरले की मगच ते बाळाच्या अंगाजोगे मऊ होते.

तिचे उपचार अगदी साधे होते. लंगोट ओला झाला की त्याच क्षणी बदलायचा. कोमट पाण्याने धुवायचे, न घासता टिपून घ्यायचे, मग अर्धा तास दुपट्यावर उघडेच ठेवायचे. अंग पुरते कोरडे झाले की खोबरेलाचा पातळ हात. पावडरीचा डबा तिने पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकला. ती भुकटी पोराच्या श्वासात जाते, हे तिला कुणी शिकवावे लागले नव्हते. शेजारच्या काकूंनी आंघोळीच्या पाण्यात खाण्याचा सोडा घालायला सुचवले, तेव्हा मात्र मीच नको म्हटले. सोललेल्या त्वचेतून तो शरीरात शोषला जाऊ शकतो.

रात्री ती तांब्याच्या परातीत शतधौत घृत करायला बसे. साजूक तुपात पाणी घालून तळहाताने फेटायचे, पाणी ओतून टाकायचे, पुन्हा नवे घालायचे. असे शंभर वेळा. तूप पांढरेशुभ्र, लोण्याहून हलके होते. मी उत्तरपत्रिका तपासत असे आणि पलीकडून तिचे पुटपुटणे ऐकू येई : बेचाळीस, त्रेचाळीस…

चार दिवसांत मांड्यांवरची लाली ओसरली. पण जांघेच्या घड्यांत ती तशीच राहिली, उलट कडेने बारीक लाल ठिपके पसरले. बालरोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी सांगितले, की ही बुरशी आहे. हिला तेल-तूप पुरणार नाही. त्यांनी बुरशीनाशक मलम दिले. मात्र कोरडे आणि उघडे ठेवण्याचे चालूच राहू द्या, असेही बजावले. परतताना रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शंभर वेळा पाणी बदलले गं, म्हणून मला वाटले…" वाक्य तिने पुरे केले नाही. तिच्या उपायांतले बहुतेक सगळे खरे ठरले होते, हे तिला पटवून देण्याचा मी प्रयत्न केला. तिच्या मनात मात्र जे लागू पडले नाही तेवढेच राहिले.

आठवड्याभरात मुलगा बरा झाला.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी घरी आले, तेव्हा गॅलरीतल्या दोरीवर 19 लंगोट होते. बाहेर संततधार. गावी असती तर तिने शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर ते वाळवले असते. इथे ती एकेक लंगोट इस्त्री फिरवून कोरडा करत होती. त्या 19 लंगोटांकडे पाहताना कळले, की खोबरेल मी कुठूनही विकत आणू शकते, पण 'त्याच क्षणी बदलायचा' यातला तो क्षण माझ्याजवळ नाही. डायपरने मला दिलेला वेळ पूर्वी कुणाच्या तरी दिवसातून काढलेला असे, आणि ती 'कुणीतरी' बहुतेक घरांत बाईच असे.

त्यानंतर आम्ही नवरा-बायकोने जमेल तसे वाटून घेतले. दिवसा डायपर, पाळणाघरात दर दोन तासांनी बदलण्याची विनंती. संध्याकाळी घरी आल्यावर जुनेर, आणि धुणे एक दिवसाआड त्याच्याकडे.

त्या रात्री घृताची वाटी फ्रीजमध्ये ठेवावी म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. आई ओट्यापाशी उभी होती. साबणाच्या पाण्याने तिची बोटे पेरापेरांत चिरली होती, आणि उरलेले घृत ती त्या भेगांवर चोळत होती.