हँडलचा नाद

गाडगं घेताना बोटानं वाजवून बघायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मराठीत गाडगं, कन्नडात गडिगे. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर खाली ठेवायचं. उद्यमबागच्या फाउंड्रीत मी तीस वर्षं हेच केलं. फक्त हातात हातोडी असायची आणि समोर कास्टिंग. म्हणूनच भाच्यानं सायकलचं हँडल पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, "मामा, चालवू का नको?"

बहीण अथणीला कन्नड घरात दिलेली. पोरगा कॉलेजसाठी आमच्याकडे असतो. जांबोटीच्या अलीकडे खडीवर घसरून पडला, खरचटण्यावर निभावलं. पण हँडल कार्बनचं होतं आणि पुढच्या रविवारी चोर्ला घाट उतरायचा बेत ठरलेला.

अ‍ॅल्युमिनियमला मार बसला की बहुतेकदा ते वाकतं, पोचतं. निदान डोळ्यांना दिसतं. कार्बनचे धागे इपॉक्सीत भिजवून, थरावर थर वेगवेगळ्या दिशांनी रचून, साच्यात दाबून तापवतात. वजनाला हलकं, ताकदीला जबर. पण जोराचा ठोका बसला तर आतल्या आत थर सुटतात, वरचा रंग मात्र जशास तसा. मग एखाद्या खड्ड्यात ते न वाकता एकदम मोडतं.

आधी हँडलची टेप सोडायला लावली. टेप न काढता तपासणं म्हणजे पाकीट न उघडता पैसे मोजणं! कापसाचा बोळा फिरवला; धागे उसवले असतील तर कापूस अडकतो. अडकला नाही. अंगठ्यानं दाबलं, कुठं मऊ लागलं नाही. उजव्या ब्रेकच्या पट्ट्याजवळ मात्र केसाएवढी रेघ होती, तिथं नख अडलं. मग नाणं घेऊन ठोकत गेलो. नळीची जाडी सगळीकडे सारखी नसते, नाद बदलतोच. म्हणून डावी-उजवी बाजू जोडीनं ऐकायची. डावीकडे टणटण, उजवीकडे त्याच जागी जरा बसका.

नाणं बाद करू शकतं, पास करू शकत नाही. नाद चांगला आला असता तरी त्या रेघेनंतर मी सही केली नसती. विमानांच्या कार्बन भागांना अल्ट्रासोनिक तपासणी असते, ती घरात कुठून आणायची?

दाजींचा फोन आला. "एनू आगूदिल्ल बिड्री, एवढी महागाची वस्तू!" त्यांचंही बरोबर, पैसे त्यांचे. मी त्यांना 2021 च्या टोकियो ऑलिम्पिकची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलेक्स पोर्टरचं हँडल भर शर्यतीत तुटलं आणि तो तोंडावर आपटला. तेही कार्बनचं नव्हे, टायटॅनियमचं. आणि ट्रॅक गुळगुळीत. इथं तर घाट, वळणं आणि मागून ट्रक.

दाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साधं बसवा."

अ‍ॅल्युमिनियमचं आणलं. स्टेमवर छापलेल्या आकड्याप्रमाणे 5 न्यूटन मीटरला बोल्ट आवळले. आवळपट्टी जास्त झाली तरी हँडल दुखावतं. जुनं विकावं असं भाच्याच्या मनात होतं. "कुणीतरी घेईल की मामा." कुणीतरी घेईल, हीच तर भीती. तोंडाला ओला रुमाल बांधून करवतीनं त्याचे दोन तुकडे केले.

"आत काय निघालं?" दाजींनी संध्याकाळी विचारलं.

काही दिसलं नाही म्हणालो. करवत मधोमध चालवली होती, रेघेपाशी नव्हे.