‘ऑर’ म्हणजे ‘आणि’ नव्हे

पवनीत आम्ही दर रविवारी विहारात दहावी-बारावीच्या मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेतो. आम्ही बी.कॉम. झालेले, कारकुनी करणारे; भाषेचे पंडित नव्हे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, तरी दहावीच्या मुलालाही धाक असतो तो जोडीने येणाऱ्या उभयान्वयी अव्ययांचा. ‘अॅज सून अॅज’ काढून ‘नो सूनर... दॅन’ घाला, ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ वापरा, असे प्रश्न परीक्षेत येतात. मुले गाइडातून पाठ करतात. गुण मिळतात, अर्थ हाती लागत नाही.

वास्तविक अशा जोड्या आपल्या घरच्याच आहेत. एक तर... नाही तर, ना... ना, जरी... तरी. घोटाळा होतो तो मराठीचा शिरस्ता तसाच तिकडे नेल्याने. आपल्या ‘जरी’ला ‘तरी’ लागतेच, म्हणून मूल ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’ही लिहिते. इंग्रजीला तिथे दोहोंपैकी एकच पुरते. ‘नायदर... नॉर’च्या पोटात नकार आधीच असतो. वर आणखी ‘नॉट’ घातला की वाक्य बिघडले. ‘नो सूनर’च्या मागे ‘दॅन’च येते, ‘व्हेन’ नाही.

पण आपल्या विदर्भातली अडचण आणखी निराळी आहे. आपल्या कानावर हिंदी पुष्कळ. हिंदीत ‘और’ म्हणजे आणि, इंग्रजीत ‘ऑर’ म्हणजे किंवा. उच्चार जवळजवळ एक, अर्थ वेगळा. आणि हा शब्द नेमका बँकेच्या कागदावर भेटतो.

वर्गातल्या एका मुलीने आईवडिलांच्या संयुक्त खात्याचा फॉर्म आणला. वडील गवंडीकामाला नागपुरात. फॉर्मवर ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’. आईची समजूत अशी की, दोघांनी मिळून गेल्याशिवाय पैसे निघायचे नाहीत. आम्ही फळ्यावर मांडले : ‘ईदर ऑर’ म्हणजे दोघांपैकी कोणीही एक. ‘सर्व्हायव्हर’ म्हणजे एकाच्या मागे जो हयात राहील तो. म्हणजे आईच्या एकटीच्या सहीने काम होते.

त्याच फॉर्मवर खाली दुसरा पर्याय होता, ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’. इथे ‘ऑर’ तोच, पण ‘फॉर्मर’ म्हणजे ज्याचे नाव पहिले तो. तो हयात असेतो व्यवहार त्याचाच. दुसऱ्याचा अधिकार त्याच्यानंतर. आपल्या घरांत पहिले नाव बहुधा बाप्याचे. तो कामाच्या गावी आजारी पडला, तर घरी बाईच्या हाती पासबुक असूनही पैसा नाही! तिसरा पर्याय ‘जॉइंटली’. तिथे मात्र दोघांच्याही सह्या लागतात. आईची समजूत होती ती या खात्याला लागू पडते.

मुलांना म्हटले, घरी जाऊन पासबुके काढा, नीट वाचा. पुढच्या रविवारी सतरंजीवर पासबुकांचा ढीग पडला, दोन-तीन आयाही येऊन बसल्या. ‘नो सूनर’ शिकवायचे त्या दिवशी राहूनच गेले.