भाऊसिंगजी रोडवरचा चहा

मैत्रिणींनो, कोल्हापूरला आलात की अंबाबाईचे दर्शन, रंकाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा तुम्हाला कुणी सांगायला नकोच. मी मात्र आज एका चहाच्या निमित्ताने तुम्हाला भाऊसिंगजी रोडवर नेणार आहे.

मागच्या दिवाळीत धाकट्या दिरांनी सिंगापूरहून चिनी चहाचा डबा आणला. किमून त्याचे नाव, चीनच्या आन्हुई प्रांतातला. आपण ज्याला काळा चहा म्हणतो, त्याला चिनी लोक लाल चहा म्हणतात, कपात उतरलेला रंग पाहून! मी आपली सवयीप्रमाणे आलं ठेचलं, दूध-साखर घातली आणि खळाखळा उकळला. चव विचाराल तर ना धड आपला चहा, ना त्यांचा.

मग भावजींनीच कृती सांगितली. किटली गरम पाण्याने विसळून घ्यायची. माणशी एक चमचा पत्ती टाकायची. पाण्याला उकळी आली की खाली उतरवून ते पत्तीवर ओतायचे आणि तीन मिनिटे झाकण ठेवायचे. पत्ती उकळायची नाही, दूध नाही, साखरही नाही. रंग तांबूस येतो, वास किंचित धुरकट आणि जिभेवर मनुकांसारखा गोडवा राहतो. याच पत्तीवर दुसऱ्यांदाही पाणी घालता येते. डबा मात्र कांदा-लसूण मसाल्यापासून लांब ठेवा हं, चहा वास फार लवकर धरतो.

चहा कपांत ओतला आणि सवयीने माझा हात खिडकीतल्या स्टीलच्या पेल्याकडे गेला. तो पेला आमच्या धुण्याभांड्याच्या मावशींचा. सासूबाईंच्या वेळेपासून वेगळा ठेवलेला. हात तिथेच थांबला, कारण त्याच आठवड्यात मी शाळेत गंगाराम कांबळे यांची गोष्ट सांगितली होती.

गंगाराम राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज तेव्हा दिल्लीला होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक हॉटेल’ उघडले. पण दलिताच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? महाराज मुद्दाम तिथे गाडी थांबवत, हाक मारून चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. पुढे त्यांनी गंगारामांना सोड्याचे मशीनही घेऊन दिले.

वर्गात हे सांगताना माझा आवाज चढला होता. आणि माझ्याच घरात तो पेला! मुलांपैकी कुणी पाहिला असता तर?

मी कपाटातली चौथी कपबशी काढली. “मावशी, बसा.” मावशी आधी बसेचनात. मग एक घोट घेऊन म्हणाल्या, “वैनी, दूध न्हाई व्हय? वास मातर ग्वाड हाय.” सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पेला त्यांनीच खिडकीतून उचलून इतर भांड्यांत ठेवला.

भवानी मंडपाकडे जाताना भाऊसिंगजी रोड लागेल. तिथे कुठेही घोटभर चहा घ्या, आपला दुधाचाच. आणि घरी गेल्यावर एकदा आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत डोकावून पाहा.